नदीचा पाट

आमच्यात पाट म्हणजे दोन गोष्टी. एक, पाणी न्यायला रानातून उकरलेली चारी, तो पाट. दुसरी, नवरा मेलेल्या बाईचं दुसरं लग्न, तोही पाटच. पहिला काढतात, दुसरा लावतात. या 'काढा' आणि 'लावा'पायी आमच्या गावानं एक अख्खा उन्हाळा जो गोंधळ घातला, तो मला सांगायचाय. मी बोलते आणि नात लिहिते. ती शाळेत शिकलेली, म्हणून माझं बोलणं मधून मधून धुऊन वाळत घालते. घालू दे बापडी. नदीचं मात्र मी सांगेन तसंच लिही, असं तिला बजावलंय.

निजामाचं राज्य होतं. केजच्या बाजाराला पायी जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता यावं, इतक्या अंतरावर आमची दोन गावं. मध्ये नदी. ती बालाघाटाच्या डोंगरातून येते आणि पुढं मांजरेला मिळते. दोन गावं आमची म्हणते, कारण माझी सासरं दोन. पलीकडच्या गावात मी आधी नांदले. पटकीची साथ आली आणि धडधाकट नवरा एका दुपारी गेला. पदरात मूल होतं, नुकतं रांगायला लागलेलं. वर्षभरानं बापानं माझा पाट लावून दिला, तो अलीकडच्या गावात.

रीत अशी होती, की बाई जाते आणि लेकरू ज्याचं त्याच्या घरी राहतं. बापाच्या वाटणीची जमीन त्याची, म्हणून तो तिथला. माझ्या दिरानं, म्हणजे पहिल्या नवऱ्याच्या धाकट्या भावानं, त्याला सांभाळलं. दीर वाईट नव्हता. "पोराची पट्टी पोराचीच ऱ्हाईल," असं त्यानं पंचांसमोर सांगितलं आणि पाळलंही. पण पाट लागलेल्या बाईनं पहिल्या घराची पायरी चढायची नाही, लेकराला मांडीवर घ्यायचं नाही, त्याला आई म्हणू द्यायचं नाही. कुणी केली ही रीत कुणास ठाऊक. ज्यानं केली तो बाळंत झालेला नव्हता, एवढं नक्की.

लेकाची ती पट्टी नदीच्या अगदी काठाला होती. आमचं रान बरोबर तिच्या समोर, या काठाला. मी नदीवर पाण्याला गेले की समोर त्याची ज्वारी दिसायची. उन्हाळ्यात नदी आटली की आम्ही वाळूत खड्डा करायचो, त्याला झिरा म्हणतात. त्यात गार पाणी पाझरून साठतं, ते वाटीनं घागरीत भरायचं. लई वेळखाऊ काम. बाकीच्या बायका कंटाळायच्या, मी नाही कंटाळायचे. समोर दीर औत हाकत असायचा आणि बांधावर एक एवढंसं पोर बसलेलं असायचं. त्याचं तोंडही नीट दिसत नव्हतं. तरी मी बघत बसायचे.

आता नदीचं सांगते. डोंगरातून ती सरळ येते. वरच्या अंगाला एक काळा खडक आहे, तिथं ती वळते आणि थेट आमच्या काठावर येऊन आदळते. त्यामुळं आमचा काठ उभा, तुटका. दर पावसाळ्यात त्याचा एक लांबडा काप धपकन पाण्यात. समोरचा, लेकाचा काठ मात्र उतरता आणि मऊ, तिथं नदी गाळ टाकून जायची. गाव म्हणायचं, पाटाची बाई घरात आली आणि नदी रान खायला लागली. म्हणे माझा पायगुण! अरे, नदी तुमच्या पणजोबापासून रान खाते, तेव्हा काय माझा पाय पणजोबाच्या उंबऱ्यात होता?

अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि त्या रागातूनच मला नदीचा नाद लागला. म्हटलं, माझा पायगुण नाही तर मग काय? कावून ही बाई इकडंच खाते आणि तिकडं का खात नाही?

मी गोवरीचे तुकडे बरोबर न्यायला लागले. पाणी वाहतं असलं की एक तुकडा या काठाशी टाकायचा, एक त्या काठाकडं लांब भिरकावायचा आणि काठानं त्यांच्याबरोबर चालायचं. या काठाचा तुकडा पळायचा, मला गाठता यायचा नाही. तिकडचा रमतगमत, कुठंतरी गोल फिरून, थांबून, मग पुढं. म्हणजे वळणावर बाहेरच्या अंगाला पाणी पळतं आणि आतल्या अंगाला दमतं. पळणारं पाणी माती ओढतं, दमलेलं पाणी हातातलं खाली ठेवतं. एवढी साधी गोष्ट. मला इतका आनंद झाला की कुणाला सांगू असं झालं, आणि सांगायला कुणी नव्हतं. बायकांना सांगावं तर त्या म्हणायच्या, हिला घरी काम नाही.

मग दगडांकडं लक्ष गेलं. काळ्या खडकापाशी धोंडे डोक्याएवढे, आमच्या रानापाशी मुठीएवढे, आणि खाली जिथं नदी पसरते तिथं नुसती वाळू, त्याच्याही खाली गाळ. सुपात धान्य पाखडताना जड मागं राहतं आणि हलकं पुढं उडतं, तसंच नदी करते. फक्त तिचं सूप कोसभर लांब.

माझा दुसरा नवरा आडदांड गडी, हसरा, आणि चेष्टेखोर असा की देवालाही सोडायचा नाही. तोही बिजवर होता. मला काठानं गोवरीमागं धावताना बघून म्हणाला, "लई न्याहाळतीस नदीला. तिला कुठं स्थळ बघतीस का काय?"

"तुमचं रान कुठं चाललंय ते बघते," म्हटलं. "तुमी तर बघत न्हाई."

माझ्या पाटाला तीन वर्षं झाली, त्या वर्षी भादव्यात मोठा पूर आला. वरच्या गावांनी हलगी वाजवून इशारा दिला, आम्ही जनावरं सोडली, पेवांतलं धान्य वर काढलं, जमिनीत पुरलेलं ते, पाणी शिरलं की सगळं कुजतं. सगळं गाव पांढरीवर, म्हणजे गावठाणाच्या उंच जागेवर, गोळा होऊन बघत होतं. आमच्या काठाचा इतका मोठा तुकडा गेला की त्याच्यावरचा गोठा आणि दोन बाभळी उभ्याच्या उभ्या गेल्या. माझ्या नवऱ्याची चेष्टा त्या दिवशी बंद झाली. पाणी उतरल्यावर तो उरलेल्या काठावर बसून राहिला आणि मी जेवायला हाक मारली तरी उठला नाही.

हिवाळ्यात दुसरीच गंमत झाली. आमच्या रानाच्या मागच्या अंगाला एक सखल पट्टी होती, लांबच लांब, नदीच्या वरच्या वळणापासून निघून रानामागून खाली जाणारी. आमची सगळ्यात भारी काळी माती तिथंच. ज्वारी माणसाच्या डोक्यावर जायची. तिथं खोल नांगरताना फाळाला काहीतरी लागलं. बघतो तर गोटे. गुळगुळीत, गोल, नदीतल्यासारखे. आणखी उकरलं तर वाळू, आणि वाळूत शिंपले.

मी शिंपला हातात घेऊन बघतच राहिले. "रानात शिंपले कसे आले?"

"आज्या सांगायचा, नदी कवातरी इकडून जायची म्हनं," नवरा म्हणाला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. तो बैलांकडं वळला.

मला मात्र रात्रंदिवस तेच. म्हणजे ज्या ज्वारीची आम्ही भाकरी खातो ती नदीच्या पोटावर उभी! नदी इथून निघाली कावून? आधी काय वाळू साचली, मग तिला वाट राहिली नाही, मग काळ्या खडकानं तिकडं ढकललं? का एखाद्या पुरातच एका दिवसात उठून गेली? मी आमच्या गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना विचारलं. एकानं सांगितलं कुणाचा तरी शाप. दुसऱ्यानं सांगितलं तसं काही नव्हतंच, शिंपले पोरांनी आणून टाकले. दोन हात खोल कोणत्या पोरांनी टाकले, असं विचारलं तर त्याला माझा राग आला.

उन्हाळा लागला तसं गावानं ठरवलं, आमच्या काठाला धक्का घालायचा. पाटलांचं रान आमच्याला लागून होतं, पुढच्या पुरात त्याचीही पाळी होती, म्हणून पाटलांनीच मनावर घेतलं. बाभळीच्या फेसाट्या, म्हणजे काटेरी फांद्या, तोडायच्या, काठापासून नदीत तिरक्या रचायच्या आणि वर धोंडे ठेवायचे. पाणी काट्यात अडतं, दमतं, गाळ टाकतं, काठ वाचतो. हे आमच्याकडचं जुनं काम, आणि चांगलं काम. त्यात वाईट काही नाही.

पण मी गोवरीचे तुकडे विसरले नव्हते. इकडं दमलेलं पाणी तिकडं पळणार. समोरचा काठ मऊ, नुसता गाळाचा, तो दोन पुरांतही टिकणार नाही. आणि समोर माझ्या लेकाची पट्टी. त्याला बाप नाही, आई असून नाही, होतं ते एवढंच. ते रान गेलं तर उद्या तो कुणाच्या दारात सालगडी म्हणून राहणार?

मी नवऱ्याला विचारलं, "धक्का घातल्यावर पानी कुठं जाईल?"

"जिकडं जायचं तिकडं."

"तिकडं म्हंजी कुठं?"

त्यानं पलीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं. "मंग काय करू?" तो एकदम ओरडला. "माझं रान व्हाऊन जाऊ देऊ? सांग, जाऊ देऊ?"

त्याचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. दोघांचं बरोबर असलं की भांडण मिटत नाही. आमचं बोलणं बंद झालं आणि तो रोज बाभळी तोडायला जाऊ लागला.

त्याच सुमाराला हैदराबादेहून तामीरातचा, म्हणजे बांधकाम खात्याचा, एक साहेब केजला तंबू ठोकून राहिला होता. कुठं रस्ता न्यायचा, कुठं पूल बांधायचा ते बघत तो घोड्यावरून गावोगाव फिरायचा. पाटलांनी त्याला बोलावून आणलं. गोरापान, पान खाणारा, सभ्य माणूस. मराठी बोलायचा, पण शिकून घेतलेली. सगळे गडी त्याच्यामागं काठावर, आणि आम्ही बायका झिऱ्यांपाशी खाली.

साहेबानं काठ बघितला, रचायला आणलेल्या फेसाट्या बघितल्या, मागच्या सखल पट्टीतून तो चालून आला. माझ्या नवऱ्यानं शिंपले दाखवले. साहेब खूश झाला. म्हणाला, "ही जुनी नदी आहे. काटे घालू नका. इकडे काटे घातले तर पाणी तिकडे मारेल. मग ते लोक काटे घालतील, पाणी इकडे मारेल. हैदराबादेत मुसी नदीची जागा लोकांनी घेतली, घरं बांधली. तिनं एका दिवसात आपली जागा परत घेतली, माणसांसकट. तुम्ही हिला जागा द्या. या पट्टीतून वाट करा."

बरोबर बोलत होता. मला तर पळत वर जाऊन त्याच्या पाया पडावंसं वाटलं. आणि मग त्यानं हात वर करून, मोठ्या आवाजात, शेवटचं सांगितलं:

"नदीला दुसरा पाट लावा!"

त्याला म्हणायचं होतं 'काढा'. पण निघालं 'लावा'.

कुणीतरी फिसकन हसलं. मग वरच्या झाडून सगळ्या गड्यांनी खाली माझ्याकडं बघितलं. कावून बघावं? गावात पाट लागलेली मी एकटीच होते का? पाटलांचा चेहरा तर असा उतरला जसं काही घरात सुतक आलं.

"साहेब," पाटील म्हणाले, "नदी सवाशीण हाय. आमी दर सालाला तिची वटी भरतो."

"बहुत अच्छी बात आहे," साहेब म्हणाला. "ओटी पण भरा, पाट पण लावा." आणि घोड्यावर बसून पुढच्या गावाला गेला.

तुम्हाला हसू येईल. मलाही आता येतं. पण गाव हादरलं. सवाष्ण बाईला कुणी तोंडावर दुसरा पाट लाव म्हटलं तर काय होईल? तसंच झालं. आणि तेही काठावर उभं राहून, नदीच्या कानावर जाईल असं. साहेब परका, त्याला नदी काही करणार नाही, राग आपल्यावर काढेल. चावडीवर ठरलं, त्या पट्टीला कुणी हात लावायचा नाही, तो शब्दही काढायचा नाही. आधी गावातल्या सवाष्णींनी नदीची ओटी भरून तिची माफी मागायची, आणि मग काट्याचा धक्का घालायचा.

म्हणजे एका शब्दापायी माझ्या लेकाचं रान जाणार. साहेब 'काढा' म्हणाला असता तर गावानं टिकाव उचलले असते. मी रडले नाही. मला रडूच येईना, इतका संताप आला.

ओटीच्या दिवशी मी नेहमीसारखी झिऱ्यावर पाणी भरत होते. बायका वाजत गाजत आल्या, खण, नारळ, हिरव्या बांगड्या घेऊन. पुढं पाटलीणबाई. त्यांनी मला बघून नाक मुरडलं. "तू जरा लांब हो गं. सवाशिणींचं काम हाय."

माझी घागर अर्धी भरली होती. मी वाटी खाली ठेवली.

"कावून लांब होऊ?" म्हटलं. "माझ्या कपाळाला कुकू न्हाई? माझा नवरा मेलाय का? पुराच्या टायमाला तुमच्या पेवातली ज्वारी मी डोक्यावर वाहिली, तवा न्हाई म्हनाला लांब हो!"

"तसं न्हाई गं. तुझा पाट लागलेला. आधीच नदीच्या कानावर नको ते गेलंय."

मग माझ्या तोंडाला काही धरबंध राहिला नाही. "कोनत्या नदीच्या? हिच्या? अवो, हिनं कवाच पाट लावलाय! तुमच्या माझ्या जन्माच्या आधी! आमच्या मागच्या पट्टीत जाऊन दोन हात उकरा. हिचं पहिलं सासर तिथं पुरलेलं हाय, शिंपल्यासकट. तिथनं उठली, हितं आली, आन हितं नांदतीय. तुमी, तुमच्या सासूनं, तिच्या सासूनं, सगळ्यांनी वटी भरली ती ह्या पाटाच्या नदीचीच. तिनं घेतली का न्हाई? का तुमचे नारळ परत फेकले?"

हलगीवाला वाजवायचा थांबला. मग मागून एक म्हातारी, दात नसलेली, खुदकन हसली. "खरं की गं," म्हणाली. "माझी आजी म्हनायची, नदी आधी तिकडं व्हती." दोघी तिघी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. पाटलीणबाईंनी घाईनं ओटी भरली आणि निघून गेल्या. मी उरलेली घागर भरली. वाटीतलं पाणी निम्मं बाहेर सांडत होतं.

दिवेलागणीच्या आत ते चावडीवर पोचलं. पाटलांनी माझ्या नवऱ्याला बोलावून बायकोला आवर म्हणून सांगितलं. तो घरी आला तेव्हा मी चुलीपाशी बसून होते. म्हटलं आता काय होतंय ते होऊ दे. तो दारात उभा राहिला.

"शिंपल्यासकट म्हनालीस?"

"म्हनाले."

तो हसायला लागला. खांबाला धरून हसला, खाली बसून हसला, डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसला. किती दिवसांनी त्या घरात कुणी हसत होतं. मग डोळे पुसून म्हणाला, "उद्या दाव मला, तुझी नदी काय करती ती."

दुसऱ्या दिवशी मी त्याला झिऱ्यावर नेलं. ओल्या वाळूत हातानं नदी काढली. वरचा काळा खडक, वळण, आमचा काठ, समोरचा काठ. काड्या खोचून काट्याचा धक्का केला. वरून घागरीनं बारीक धार धरली. पाणी आलं, काड्यांना लागलं, आणि तिरकं जाऊन समोरच्या काठावर आदळलं. वाळूचा काठ बघता बघता विरघळला. लेकाची पट्टी गेली.

"पुन्हा कर," तो म्हणाला.

मी पुन्हा केलं. मग काड्या काढल्या, मागची पट्टी बोटानं उकरली आणि धार धरली. पाणी वळणापाशी आलं, दोन झालं. अर्धं मागून गेलं, अर्धं पुढून. दोन्ही काठ उभे.

त्यानं घागर माझ्या हातातून घेतली आणि स्वतः पाणी सोडायला लागला. पट्टी रुंद करून बघितली, अरुंद करून बघितली. एकदा त्यानं मागच्या वाटेचं तोंड इतकं मोठं केलं की सगळीच नदी तिकडून निघाली आणि पुढची वाट कोरडी पडली. "हे नको," म्हणाला, आणि तोंडाशी खडे रचून बघितले. दोन म्हशींची जबाबदारी असलेला माणूस, गुडघ्यावर बसून वाळूत खेळत होता. मी चार वेळा झिऱ्यातून घागर भरून दिली. ऊन कलायला लागलं तेव्हा तो उठला, गुडघे झटकले आणि मागच्या पट्टीकडं बघत म्हणाला, "माझी सगळ्यात भारी माती हाय ती."

"ठाव हाय."

"त्यात वाळू भरंल. पुन्हा ज्वारी येनार न्हाई."

"ते बी ठाव हाय."

त्यानं वाळूतली नदी पायानं सपाट केली. मग म्हणाला, "जाऊ दे. नदीचीच व्हती, तिला दिली." माझ्या लेकाचं नावही त्यानं काढलं नाही. समोर ते पोर बांधावर बसलेलं होतं, तिकडं बघितलंही नाही. मी तोवर त्या घरात नुसती नांदत होते. त्या दिवशी मला त्या माणसाची माया लागली. सांगायला कशाची लाज आता.

रान आमचं, त्यामुळं गाव अडवू शकत नव्हतं. पण मदतीलाही कुणी आलं नाही. नवरा बैलांना केणी जोडायचा. केणी म्हणजे माती ओढायची रुंद फळी. बैल ओढतात, मागून माणूस दाबून धरतो. मी टोपल्यानं माती वाहायचे. मधली पट्टी सखलच होती, खरं काम होतं ते वरचं तोंड मोकळं करायचं. एक दिवस नदीच्या कोरड्या पात्रातून पलीकडून बैलजोडी येताना दिसली. दीर होता, स्वतःची केणी घेऊन. त्याला कुठून कळलं होतं, कुणास ठाऊक. बायकांच्या तोंडून नदी ओलांडायला काय वेळ लागतो! रीतीप्रमाणं तो माझ्याकडं बघितल्यासारखं न करता नवऱ्याला म्हणाला, "तोंडाला धोंडे रचावे लागतील. न्हाईतर समदी नदीच घरात घ्याल."

"वाळूत बघितलंय," नवरा म्हणाला.

दिराला काही कळलं नाही. दोघांनी मिळून काम संपवलं. तोंडाशी धोंडे असे रचले की रोजचं पाणी नदीतच राहील आणि पूर चढला तरच वरून मागं जाईल. दोन्ही बाजूंनी निरगुडी लावली, तिची मुळं माती सोडत नाहीत. त्या चारीला पाट म्हणायची गावात कुणाची छाती झाली नाही. 'साहेबाचा खड्डा' म्हणायचे. अजून म्हणतात.

पूर आला तो पुन्हा भादव्यातच, दिवसाउजेडी. आम्ही पांढरीवर उभे. पाणी चढत चढत धोंड्यांना लागलं आणि तिथंच घुटमळलं. नवरा पुटपुटत होता, "चल की. चल की बाई." मग एक लाट वरून गेली, मग दुसरी, आणि एकदम लाल पाण्याचा लोंढा मागच्या पट्टीत शिरला, तिथं शेवटची पेरलेली ज्वारी झोपवत खाली गेला. पाटील माझ्या शेजारीच उभे होते. त्यांचं लक्ष त्यांच्या काठावर होतं, आणि तो काठ जागेवर होता. मी पलीकडं बघत होते. लेकाच्या पट्टीवर पाणी आलं, पसरलं, चिखल टाकून उतरलं. काठ ढासळला नाही. मी तिथंच मातीत बसले आणि मोठ्यानं रडले. लोक बघत होते. बघू दे म्हटलं.

आमची काळी पट्टी मात्र गेली ती गेलीच. जिथं माणसाच्या डोक्यावर ज्वारी जायची तिथं वाळू आणि गोटे. आणि नंतर माझ्या ध्यानात आलं, की माझ्या आणि लेकाच्या मध्ये आधी एक वाट पाण्याची होती, आता दोन झाल्या. पावसाळ्यात रानात जायचं तर आधी मागची ओलांडायची, मग त्याच्याकडं बघायला पुढचीच्या काठाशी जायचं. स्वतःच्या हातानं माती वाहून मी हे केलं होतं. डोक्याला हात लावला.

पण पुढच्या पात्रातलं पुराचं पाणी निम्मं झालं, तशी त्याची खोदायची ताकदही गेली. हिवाळ्यात बघते तर आमच्या रानासमोरचा डोह गाळानं भरलेला, आणि जिथं कंबरभर पाणी असायचं तिथं मुलाच्या गुडघ्याएवढं. हे वाळूतल्या नदीनं मला सांगितलं नव्हतं.

एका दुपारी आम्ही बांधावर जेवायला बसलो होतो. पाणी उडवत एक पोरगं नदीतून सरळ चालत आलं. तोंड जवळून बघितलं तर माझ्या पहिल्या नवऱ्याचं नाक, माझे कान. तो आमच्यासमोर येऊन उभा राहिला. रीत आठवली, पंच आठवले, सगळे आठवले.

त्यानं मला विचारलं, "तू मला रोज कावून बघतीस? तू माझी कोन लागतीस?"

मी नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं घास चावत, मान वर न करता सांगितलं, "आई हाय बे ती तुझी. बस, भाकर खा."

पोर बसलं. माझ्याकडं बघत बघत त्यानं अर्धी भाकर खाल्ली. उरलेली अर्धी त्यानं हळूच अंगरख्यात खोचली आणि उठला.

"ती कावून नेतोस?" मी विचारलं. हे मी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"पोरांना दावतो," तो म्हणाला. "ती म्हनत्यात, मला आई न्हाई."

मी फडक्यात होत्या तेवढ्या सगळ्या भाकरी त्याला बांधून दिल्या. त्यांच्या गावात पोरं पुष्कळ होती.